अंटार्क्टिकाला टुरिस्ट नेणारा माणूस : लार्स-एरिक लिंडब्लाडची गोष्ट

समोरून पेंग्विन डुलत चाललाय, मागं निळसर हिमनग आणि लाल जॅकेट घातलेली माणसं रबरी बोटीतून उतरतायत. ही रील तुमच्या फीडवर एकदा तरी आली असणार. खालच्या कमेंट्सही ठरलेल्या असतात. कुणाला हे बकेट लिस्टमध्ये टाकायचं असतं, कुणाला किडनी विकायचा जोक करायचा असतो, आणि एखाद्याला प्रश्न पडलेला असतो की माणसांनी मुळात तिथं जायचंच कशाला?

हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण जिथं आजपर्यंत कुणी कायमचं राहायला गेलं नाही, ज्या खंडाला स्वतःचा एकही मूळ रहिवासी नाही, तिथं आता एका उन्हाळ्यात एक लाखाहून जास्त पर्यटक पोहोचलेत. त्यातले बहुतेक सगळे जहाजानं गेले. आणि या जहाजाच्या सहलीचा जो साचा आज जगभर चालतो, तो बऱ्याच अंशी एका माणसानं तयार केला.

त्याचं नाव लार्स-एरिक लिंडब्लाड. तो ना शास्त्रज्ञ होता, ना दर्यावर्दी. तो ट्रॅव्हल एजंट होता.

स्वीडनचं पोरगं

लिंडब्लाडचा जन्म २३ जानेवारी १९२७ चा, स्वीडनमधला. तो काळ आणि तो देश आधी समजून घ्यायला पाहिजे, कारण आपल्याकडे पोरं जशी गडकिल्ल्यांच्या गोष्टी ऐकत मोठी होतात, तशी स्वीडनमध्ये ध्रुवावरच्या मोहिमांच्या गोष्टी ऐकत मोठी होत होती.

आडॉल्फ एरिक नॉर्डेनशॉल्ड नावाच्या स्वीडिश संशोधकानं १८७८-७९ मध्ये वेगा नावाचं जहाज युरोप-आशियाच्या उत्तर टोकावरून, बर्फातून वाट काढत पॅसिफिकमध्ये नेलं होतं. १८९७ मध्ये सालोमन आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार चक्क बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतलेच नाहीत. तब्बल ३३ वर्षांनी, १९३० मध्ये, त्यांचे अवशेष एका बर्फाळ बेटावर सापडले. तेव्हा लिंडब्लाड तीन वर्षांचा होता आणि अख्खा स्वीडन त्याच बातमीवर बोलत होता.

तिसरी गोष्ट तर पुढं लिंडब्लाडच्या आयुष्याला थेट जोडली जाणारी आहे. ओटो नॉर्डेनशॉल्डची स्वीडिश मोहीम १९०१ मध्ये अंटार्क्टिकाला गेली. १९०३ च्या फेब्रुवारीत बर्फानं त्यांचं जहाज चिरडून बुडवलं. माणसं अडकून पडली. शेवटी त्यांना सोडवायला कोण आलं? अर्जेंटिनाचं नौदल. उरुग्वाय नावाच्या छोट्या युद्धनौकेनं त्यांना परत आणलं.

हे लक्षात ठेवा. अर्जेंटिनाचं नौदल या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

अमेरिका, जेट विमानं आणि एक वेगळा धंदा

१९५१ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, लिंडब्लाड अमेरिकेत गेला. ट्रॅव्हल कंपन्यांमध्ये काम करून त्यानं धंद्यातल्या खाचाखोचा शिकून घेतल्या आणि १९५८ मध्ये स्वतःची लिंडब्लाड ट्रॅव्हल ही कंपनी काढली.

टायमिंग बघा. त्याच वर्षी पॅन ॲमची बोइंग ७०७ न्यूयॉर्क ते पॅरिस उडायला लागली होती. जेट विमानांमुळं जग अचानक लहान झालं. जिथं जहाजानं आठवडा लागायचा, तिथं माणूस रात्रीत पोहोचायला लागला. पर्यटन कंपन्यांनी याचा सरळ अर्थ काढला. जास्त माणसं, स्वस्त तिकीट, लंडन-पॅरिस-रोम, फोटो काढा आणि घरी चला.

लिंडब्लाडनं उलट हिशेब केला. सगळे पॅरिसला जायला लागले की ज्यांनी पॅरिस आधीच बघितलंय, ते कुठं जाणार? अशा लोकांकडे पैसा होता, वेळ होता आणि कुतूहल होतं. त्यातले बरेच निवृत्त डॉक्टर, प्राध्यापक, पक्षीनिरीक्षक होते. त्यांना स्विमिंग पूल नको होता. त्यांना अशी जागा पाहिजे होती जिथं शेजारी कुणी गेलेलं नसेल, आणि तिथं गेल्यावर समोर काय दिसतंय हे सांगणारा माणूस पाहिजे होता.

१९६६ : अंटार्क्टिका

आता साठच्या दशकातला अंटार्क्टिका डोळ्यासमोर आणा. १९५९ मध्ये १२ देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि १९६१ मध्ये तो लागू झाला. करार काय सांगतो? या खंडावर लष्करी हालचाली नकोत, अणुचाचण्या नकोत, विज्ञानाला मोकळीक. सात देशांचे जमिनीवरचे दावे जागच्या जागी गोठवले गेले. म्हणजे हा खंड कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा आहे.

पण करारात पर्यटकांबद्दल काही नव्हतं. कारण पर्यटक तिथं जातील असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सोशल मीडियावर बऱ्याचदा लिंडब्लाडला अंटार्क्टिकाचे पहिले पर्यटक नेणारा म्हणतात. ते तंतोतंत खरं नाही. १९५८ च्या सुमाराला अर्जेंटिना आणि चिलीच्या जहाजांनी काहीशे प्रवासी दक्षिण शेटलंड बेटांपर्यंत नेले होते. पण ते तेवढ्यापुरतंच राहिलं. दरवर्षी, ठरवून, सोबत शास्त्रज्ञ घेऊन आणि किनाऱ्यावर उतरवून माणसं नेण्याची पद्धत लिंडब्लाडनं सुरू केली. म्हणून आजच्या पर्यटनाची सुरुवात त्याच्यापासून मोजतात.

त्याच्याकडे स्वतःचं जहाज नव्हतं. मग त्यानं लापाताइया हे जहाज भाड्यानं घेतलं. कुणाचं? अर्जेंटिनाच्या नौदलाचं. ज्या नौदलानं त्रेसष्ट वर्षांपूर्वी बर्फात अडकलेल्या स्वीडिश लोकांना सोडवून आणलं होतं, त्याच नौदलाच्या जहाजावर एक स्वीडिश माणूस आता पन्नासहून जास्त प्रवासी घेऊन त्याच बर्फाकडे निघाला.

वाट साधी नव्हती. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिका यांच्यामध्ये ड्रेक पॅसेज आहे. सुमारे ८०० किलोमीटर रुंदीचा हा समुद्र जगातल्या सगळ्यात खवळलेल्या पट्ट्यांपैकी एक. कारण सोपं आहे. या अक्षांशावर पृथ्वीभोवती वारं आणि पाणी अडवायला जमीनच नाही. आजच्या आधुनिक जहाजांनाही तो पार करायला साधारण दोन दिवस लागतात आणि निम्मे प्रवासी उलट्यांनी आडवे झालेले असतात. १९६६ मध्ये तर नकाशे अर्धवट होते, उपग्रहावरून हवामान कळण्याची सोय जेमतेम सुरू होत होती आणि काही झालं तर मदतीला येणारं जहाज कित्येक दिवसांच्या अंतरावर असायचं.

ती सहल सुखरूप परतली. आणि त्याच वर्षी चिलीच्या सँटियागोत अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक झाली, तेव्हा पर्यटनाच्या परिणामांबद्दलची शिफारस कागदावर आली. एका ट्रॅव्हल एजंटनं सुरू केलेल्या गोष्टीची दखल सरकारांना घ्यावी लागत होती.

छोटं लाल जहाज

पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, लिंडब्लाडनं गॅलापागोस बेटांवर सहली नेल्या. डार्विनमुळं प्रसिद्ध झालेली ही बेटं १९५९ पासून इक्वेडोरचं राष्ट्रीय उद्यान आहेत. तिथं पर्यटकांना आखलेल्या पायवाटेवरून, प्रशिक्षित गाइडसोबतच फिरता येतं. जागा उघडायची, पण दार किलकिलंच ठेवायचं, ही कल्पना लिंडब्लाडला पटलेली होती.

भाड्याच्या जहाजावर मात्र त्याचं भागत नव्हतं. मग त्यानं फिनलंडमध्ये स्वतःचं जहाज बांधून घेतलं. १९६९ मध्ये लिंडब्लाड एक्सप्लोरर पाण्यात उतरलं. लांबी सुमारे ७३ मीटर, प्रवासी साधारण शंभर. आजच्या क्रूझवर पाच-पाच हजार माणसं असतात, त्यापुढं हे म्हणजे लाँचच. पण त्याचा तळ बर्फात चालण्यासाठी मजबूत केलेला होता आणि अंगाला लाल रंग दिलेला होता. पुढं लोक त्याला छोटं लाल जहाज म्हणूनच ओळखायला लागले.

या जहाजावर लिंडब्लाडनं जे केलं, तेच आज एक्स्पिडिशन क्रूझ या नावाखाली विकलं जातं. त्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या.

पहिली, रबरी बोटी. झोडियाक नावाच्या हवा भरलेल्या या बोटींमुळं धक्का नसलेल्या किनाऱ्यावरही दहा-बारा माणसं उतरवता यायला लागली. बंदर बांधायची गरजच संपली.

दुसरी, जहाजावरचे शिक्षक. संध्याकाळी नाचगाण्याऐवजी व्याख्यान. पक्षी, खडक, बर्फ, इतिहास. आणि व्याख्याते कोण, तर अमेरिकेला पक्षी ओळखायला शिकवणारा रॉजर टोरी पीटरसन. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या संस्थापकांपैकी एक असलेला पीटर स्कॉट. हा पीटर म्हणजे दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ मध्ये जीव गमावलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा. आणि चित्रकार कीथ शॅकल्टन, जो प्रसिद्ध संशोधक अर्नेस्ट शॅकल्टनच्या नात्यातला. ज्या दोन नावांनी अंटार्क्टिकाचा इतिहास भरलाय, त्या दोन्ही घराण्यांतली माणसं या एका जहाजावर पर्यटकांना पेंग्विन समजावून सांगत होती.

तिसरी, शिस्त. प्राण्यांजवळ जायचं नाही, दगड-हाड-पीस काही उचलायचं नाही, कचरा टाकायचा नाही, गाइड सांगेल तेवढंच फिरायचं. यातलं काहीही तेव्हा कायद्यानं सक्तीचं नव्हतं.

लिंडब्लाडची थिअरी अशी होती की जी जागा माणसानं डोळ्यांनी पाहिलेलीच नाही, तिच्यासाठी तो कधी भांडणार नाही. एकदा माणूस तिथं जाऊन आला की तो त्या जागेचा वकील होतो. थोडक्यात, वाचवायचं असेल तर आधी दाखवा.

अंटार्क्टिकापुरता थांबला नाही

हा माणूस एका जागी टिकणारा नव्हता. ईस्टर आयलंड, चीन, तिबेट, जिथं दार बंद असेल तिथं तो जाऊन कडी वाजवायचा. आपल्या शेजारचा भूतान १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी उघडला, तेव्हा सुरुवातीच्या गटांमध्ये लिंडब्लाडनं नेलेले लोक होते. भूताननं माणसं कमी आणि शुल्क जास्त हे धोरण ठेवलं आणि ते आजही चालू आहे.

१९८४ मध्ये त्याच्या लाल जहाजानं आणखी एक विक्रम केला. कॅनडाच्या उत्तरेकडून अटलांटिक आणि पॅसिफिक जोडणारा नॉर्थवेस्ट पॅसेज हा बर्फाळ मार्ग शोधताना शेकडो दर्यावर्दी मेले होते. तो पार करणारं हे पहिलं प्रवासी जहाज ठरलं.

चुका आणि धक्के

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

११ फेब्रुवारी १९७२ ला लिंडब्लाड एक्सप्लोरर अंटार्क्टिकाजवळ खडकावर चढलं. स्वतः लिंडब्लाड जहाजावर होता. चिलीच्या नौदलानं सगळ्यांना वाचवलं. जहाज ओढत आधी ब्युनोस आयर्सला आणि मग दुरुस्तीला थेट नॉर्वेला न्यावं लागलं. १९७९ च्या नाताळात पुन्हा तेच झालं. जहाज पुन्हा अडकलं, पुन्हा चिलीचं नौदल धावलं.

त्याच १९७९ च्या २८ नोव्हेंबरला एअर न्यूझीलंडचं पर्यटकांना हवेतून अंटार्क्टिका दाखवणारं विमान एरेबस पर्वतावर आदळलं आणि २५७ जण गेले. त्याचा लिंडब्लाडशी काही संबंध नव्हता. पण अंटार्क्टिकात काम करणारे शास्त्रज्ञ आधीपासून जे विचारत होते, ते आता सगळे विचारायला लागले. हौस तुमची, मग जीव धोक्यात घालून तुम्हाला वाचवायला आम्ही का यायचं? आमचं संशोधनाचं इंधन, आमची हेलिकॉप्टर, आमचा जेमतेम चार महिन्यांचा उन्हाळा तुमच्यासाठी का खर्च करायचा?

१९८९ च्या जानेवारीत अर्जेंटिनाचं बाहिया पारायसो हे जहाज अमेरिकेच्या पामर स्टेशनजवळ फुटलं. ते मुळात रसद नेणारं जहाज होतं, पण त्यावर पर्यटकही होते. माणसं वाचली, मात्र सुमारे सहा लाख लिटर डिझेल समुद्रात सांडलं. ते पसरलं पेंग्विन आणि स्कुआ पक्ष्यांच्या वसाहतींपर्यंत.

लिंडब्लाडसाठीही ते दशक वाईट निघालं. लाल जहाज त्याच्या हातून आधीच गेलं होतं. त्यात त्याच्या कंपनीनं व्हिएतनाम आणि कंबोडियाच्या सहली काढल्या. तेव्हा या देशांशी व्यवहार करायला अमेरिकेची बंदी होती. त्याचं गणित साधं होतं, माणसांनी माणसांना भेटण्यात कसला गुन्हा? सरकारचं गणित वेगळं होतं. खटला झाला, दंड झाला आणि १९८९ मध्ये ज्या कंपनीनं जगाच्या टोकापर्यंत माणसं नेली होती, तिचं दिवाळं निघालं.

८ जुलै १९९४ ला स्टॉकहोममध्ये हृदयविकारानं लिंडब्लाडचा मृत्यू झाला. वय ६७. तो तेव्हा सुट्टीवर होता.

मागं काय राहिलं?

कंपनी गेली, पण धंदा घरातच राहिला. त्याचा मुलगा स्वेन-ओलोफ यानं १९७९ मध्येच वेगळी शाखा सुरू केली होती. तीच आजची लिंडब्लाड एक्स्पिडिशन्स. २००४ पासून नॅशनल जिओग्राफिकसोबत तिची जहाजं चालतात.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नियम. १९९१ मध्ये अंटार्क्टिकाला सहली नेणाऱ्या सात कंपन्यांनी एकत्र येऊन आयएटो ही संघटना काढली. लिंडब्लाडच्या जहाजावर जी शिस्त सवयीनं पाळली जायची, ती इथं नियमांच्या रूपात आली. एका ठिकाणी एका वेळी शंभरपेक्षा जास्त माणसं उतरवायची नाहीत. ज्या जहाजावर पाचशेहून जास्त प्रवासी आहेत, त्यानं एकालाही उतरवायचं नाही. पेंग्विनपासून किमान पाच मीटर लांब राहायचं. उतरण्याआधी बूट निर्जंतुक करायचे, कपड्यांच्या शिवणीत अडकलेलं बी-बियाणं साफ करायचं. एका जागी एका वेळी एकच जहाज.

त्याच वर्षी माद्रिदमध्ये करारातल्या देशांनी पर्यावरण संरक्षणाच्या मसुद्यावर सह्या केल्या. खाणकामावर बंदी आली. तो १९९८ पासून लागू आहे. २०११ पासून अंटार्क्टिकच्या पाण्यात जड इंधन तेल वापरायला बंदी झाली आणि २०१७ पासून ध्रुवीय जहाजांसाठी पोलर कोड लागू झाला.

आणि ते लाल जहाज? मालक बदलत गेले, नाव नुसतं एक्सप्लोरर झालं. २३ नोव्हेंबर २००७ ला दक्षिण शेटलंड बेटांजवळ बर्फ लागून त्याच्या अंगाला भोक पडलं. जहाजावर १५४ जण होते. ते लाइफबोटी आणि त्याच रबरी झोडियाकमध्ये बसून कित्येक तास थंडीत तरंगत राहिले. नॉर्वेचं नॉर्डनॉर्ग हे दुसरं क्रूझ जहाज जवळ होतं, त्यानं सगळ्यांना उचललं. एकही जीव गेला नाही. नंतरच्या चौकशी अहवालानं बर्फ ओळखण्यातल्या अतिआत्मविश्वासावर बोट ठेवलं. ज्या जहाजानं हा सगळा प्रकार सुरू केला, ते त्याच पाण्यात तळाशी आहे. समुद्र शांत होता आणि दुसरं जहाज जवळ होतं, म्हणून ती बातमी बचावाची झाली. नाहीतर ती वेगळी झाली असती.

थिअरी खरी ठरली का?

अर्धी.

खरी यासाठी की अंटार्क्टिकाच्या बाजूनं बोलणारे, पैसे देणारे, सिनेमे काढणारे बरेच लोक कधीतरी अशाच जहाजावरून गेलेले आहेत. आणि कायदा यायच्या आधी एखाद्या धंद्यानं स्वतःला वेसण घातल्याची उदाहरणं जगात फार नाहीत.

खोटी यासाठी की त्याची सगळी रचना शंभर माणसांच्या जहाजावर उभी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हंगामाला दहा हजारांच्या आत पर्यटक जायचे. २०२२-२३ मध्ये हा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यातले बरेच जण न उतरता मोठ्या जहाजावरूनच बघून परततात, पण इंधन तर त्यांच्यासाठीही जळतं. आयएटोचा नियम एका वेळी किती माणसं हे सांगतो. एकूण किती माणसं, याला आजही मर्यादा नाही. शंभर उतरले, ते परत गेले की पुढच्या जहाजाचे शंभर उतरू शकतात.

२०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात एक संशोधन आलं. जहाजं आणि संशोधन केंद्रांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, बर्फ काळपटतो, ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. एका पर्यटकामागं साधारण ८३ टन बर्फ लवकर वितळतो असा त्यांचा अंदाज होता. शास्त्रज्ञांच्या केंद्रांचाही यात वाटा आहे हेही त्याच संशोधनात आहे, त्यामुळं दोष एकट्या पर्यटकांचा नाही.

भारताचा यात काय संबंध?

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण होते. जहाज? पोलर सर्कल, नॉर्वेहून भाड्यानं घेतलेलं. ९ जानेवारी १९८२ ला ते बर्फावर उतरले. पुढं दक्षिण गंगोत्री, मैत्री आणि २०१२ मध्ये भारती अशी केंद्रं उभी राहिली. या सगळ्याचा कारभार आजही गोव्यातल्या वास्कोमधून चालतो.

२०२२ मध्ये संसदेनं भारतीय अंटार्क्टिक कायदा केला. परवानगीशिवाय जाणं, कचरा टाकणं, बाहेरचे जीव नेणं, प्राण्यांना त्रास देणं यावर त्यात शिक्षा आहेत. आणि २०२४ च्या मे महिन्यात अंटार्क्टिक करारातल्या देशांची बैठक कोचीत भरली, तेव्हा पर्यटनासाठी सर्वसमावेशक चौकट ठरवण्याचं काम तिथं सुरू झालं. म्हणजे १९६६ मध्ये सँटियागोत निघालेला विषय ५८ वर्षांनी केरळात पुन्हा टेबलावर होता.

आता मराठी माणसंही अंटार्क्टिकाला जातात. खर्च माणशी लाखांच्या घरात असतो, त्यामुळं तुमच्या-माझ्यापैकी बहुतेकांसाठी हा विषय रीलपुरताच राहणार.

मग आपण यातून काय घ्यायचं?

त्यासाठी सिद्धगडापर्यंत या.

ठाणे जिल्ह्यातला, मुरबाड तालुक्यातला हा गड भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत आहे. शेकरूसाठी राखलेलं जंगल. माचीवर माणसांची वस्ती. आणि खाली जंगलात ती जागा, जिथं २ जानेवारी १९४३ ला वीर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांशी लढताना हुतात्मा झाले. दरवर्षी २ जानेवारीला तिथं माणसं अभिवादनाला जमतात. त्यांना कुणी सांगायला लागत नाही की इथं कसं वागायचं. जागा काय आहे हे त्यांना माहीत असतं.

पावसाळ्यात मुरबाड-शहापूरच्या डोंगरांचं चित्र वेगळं असतं. एक धबधबा व्हायरल होतो, पुढच्या रविवारी गाड्यांची रांग लागते, प्लॅस्टिकचा खच पडतो, कुणीतरी वाहून जातं, आणि मग जिल्हा प्रशासन बंदीचा आदेश काढतं. आपल्याकडे दोनच अवस्था आहेत. एकतर सगळ्यांना सगळं मोकळं, नाहीतर सरसकट बंद. यात माचीवरच्या माणसाचं दोन्हीकडून नुकसान. गर्दी झाली तर पाणी आणि शांतता जाते, बंदी आली तर जेवण-मुक्कामातून मिळणारे चार पैसे जातात.

लिंडब्लाडनं जी तिसरी वाट दाखवली, ती इथं चालण्यासारखी आहे. एका वेळी किती माणसं जाणार हे आधीच ठरवायचं. सोबत स्थानिक माहीतगार असलाच पाहिजे, आणि त्याला नुसता वाटाड्या न समजता शिक्षक समजून पैसे द्यायचे. नेलेलं सगळं परत आणायचं. आणि जाण्याआधी त्या जागेची गोष्ट ऐकून घ्यायची. याला बर्फ फोडणारं जहाज लागत नाही.

त्याच्या चुकीतून घ्यायचं तेही तितकंच सरळ आहे. एका वेळचा आकडा पुरेसा नसतो, अख्ख्या हंगामाचा आकडाही ठरवावा लागतो. आणि तो गर्दी व्हायच्या आधी ठरवावा लागतो, कारण गर्दीवर धंदे उभे राहिले की आकडा कमी करायला कुणीच तयार होत नाही. अंटार्क्टिकात सध्या नेमकं हेच चाललंय.

१९९५ मध्ये, लिंडब्लाड गेल्यानंतर एका वर्षानं, अंटार्क्टिक द्वीपकल्पावर शार्को बे भागातल्या एका छोट्या खाडीला त्याचं नाव दिलं गेलं. लिंडब्लाड कोव्ह. अंटार्क्टिकाचा नकाशा राजे, दर्यावर्दी आणि शास्त्रज्ञांच्या नावांनी भरलेला आहे. त्या गर्दीत एका ट्रॅव्हल एजंटचं नाव आहे. ते कौतुकानं घ्यायचं की काळजीनं, हे पुढच्या काही वर्षांत तिथं किती जहाजं जातात त्यावर ठरेल.